पीएचपीत क्रम बरोबर, ब्राउझरमध्ये विस्कटलेला: माझा अनुभव
मध्य रेल्वेची स्टेशनं सीएसएमटीपासूनच्या अंतराप्रमाणे लावायची होती. सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत छापून पाहिलं की दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे असं अगदी बरोबर. स्क्रीनवर मात्र ठाणे सगळ्यात वर! कॅशे साफ केली, तुलनेचं फंक्शन बदललं, ढिम्म फरक नाही. डोकं पार उठलं.

घोळ कीजमध्ये, म्हणजे अ‍ॅरेतल्या (यादीतल्या) प्रत्येक घटकाला चिकटलेल्या क्रमांकांत होता. युए-सॉर्ट (uasort, मी क्रम लावायला वापरलेलं पीएचपीचं फंक्शन) घटक हलवतं, पण प्रत्येकाची जुनी की तशीच ठेवतं. दादरची १, कुर्ल्याची ३, घाटकोपरची २, ठाण्याची ०. कीज ० पासून ओळीने नसल्या की जेसन-एनकोड (json_encode, ब्राउझरला पाठवायचा मजकूर बनवणारं फंक्शन) अ‍ॅरेऐवजी ऑब्जेक्ट (की आणि मूल्याच्या जोड्या) बनवतं, आणि जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमधल्या आकडी कीज चढत्या क्रमानेच वाचतं. म्हणजे मूळ क्रम परत हजर.

उपाय असा: आधी युए-सॉर्ट, मग तीच यादी अ‍ॅरे-व्हॅल्यूजमधून (array_values, जे कीज ० पासून नव्याने देतं) काढून त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवा, त्यानंतरच जेसन-एनकोड. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरच्या उत्तराची सुरुवात महिरपी कंसाऐवजी चौकोनी कंसाने झाली की काम फत्ते. जुन्या कीज नकोच असतील तर सरळ यु-सॉर्ट (usort) वापरा, ते कीज स्वतःच नव्याने देतं. की म्हणजेच स्टेशनचा आयडी असेल, तर सॉर्ट करण्याआधी तो प्रत्येक नोंदीच्या आत घाला. अ‍ॅरे-फिल्टरनंतरही (array_filter, नको ते घटक गाळणारं फंक्शन) जुन्याच कीज उरतात बरं का, तिथेही अ‍ॅरे-व्हॅल्यूज लागतंच.