एक्सेलच्या लिंका तुटल्या? आधी काहीही दाबू नका

मी ज्या फाउंड्र्यांचं कॉस्टिंग बघते, तिथे मांडणी साधारण एकसारखी असते. एक 'दर' नावाची फाइल. तिच्यात पिग आयर्न, सीआरसीए स्क्रॅप (पोलादी पत्र्याचं भंगार), फेरोसिलिकॉन, वाळू, रेझिन यांचे चालू भाव परचेसवाला भरतो. दुसरी 'कोटेशन'. ती 'दर'मधून भाव उचलते आणि कास्टिंगची किलोमागची किंमत काढते. तिसरी मालकांसाठीची महिन्याची एमआयएस, म्हणजे आढाव्याचा रिपोर्ट, तिला आणखी चार फाइलींतून आकडे येतात. कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी असो की गोकुळ शिरगावची, एप्रिल लागला की फोन सुरू होतात: "मॅडम, शीट मेली."

शीट मेलेली नसते. तिला आपली दुसरी फाइल सापडत नसते, एवढंच. पण फोन येईपर्यंत कुणीतरी घाबरून दोन-चार बटणं दाबलेली असतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघते तो क्रम लिहून ठेवते.

फाइल उघडल्यावर एक्सेल विचारतं, लिंक अपडेट करू का? 'डोन्ट अपडेट' दाबा. याला कारण आहे. एक्सेल बाहेरून आणलेला शेवटचा आकडा स्वतःच्या पोटातही साठवून ठेवतं. मूळ फाइल, म्हणजे जिथून आकडा येतो ती, हरवली तरी तो शेवटचा आकडा दिसत राहतो. पण मूळ फाइल जागेवर असेल आणि तिच्यातलं शीट कुणी उडवलं असेल, तर अपडेट केल्याबरोबर चांगल्या आकड्याच्या जागी '#रेफ!' (दाखवलेली जागाच सापडत नाही, ही एरर) बसतो. मग सेव्ह करून बाहेर पडलात की जुना आकडा गेलाच.

'डोन्ट अपडेट' म्हटल्यावर फाइल न सेव्ह करता बंद करा आणि त्याच फोल्डरमध्ये तिची कॉपी काढा. इथून पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर. कॉपीत एक कोरं शीट जोडा, नाव 'जुने आकडे' द्या, आणि मुख्य शीट त्यात पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. दुरुस्तीनंतर आकडे पूर्वीसारखे आले का, हे ताडायला दुसरं काही हाताशी नसतं.

आता पत्ता वाचायचा. ज्या खान्यात गडबड आहे त्यावर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला पट्टीत बघा. असं काहीतरी दिसेल:

='डी:\हिशोब\२०२४-२५\[दर.एक्सएलएसएक्स]कच्चा माल'!$सी$४

चौकटी कंसाआधी फोल्डर, कंसात फाइल, कंसानंतर शीट, उद्गारचिन्हानंतर खाना. या चारांपैकी काय चुकलंय ते शोधायचं. मूळ फाइल उघडी असेल तर एक्सेल फोल्डरचा पत्ता दाखवत नाही, नुसतं फाइलचं नाव दाखवतं. त्यामुळे पत्ता बघायचा असेल तर मूळ फाइल बंद ठेवा.

निम्मं निदान पत्त्यातच होतं. पत्त्यात 'टेम्प' असं फोल्डर दिसलं तर कुणीतरी मेलमधली अटॅचमेंट सेव्ह न करता थेट उघडली आणि तिलाच लिंक जोडली. 'डाउनलोड्स' आणि फाइलच्या नावापुढे कंसात १ किंवा २ असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून परत परत उतरवलेली प्रत. पत्त्यात एखाद्या माणसाचं युजरनेम असेल तर त्याच्या डेस्कटॉपवरची किंवा वनड्राइव्हमधली फाइल, ती दुसऱ्याच्या पीसीवर सापडणार कशी? आणि गेलं आर्थिक वर्ष दिसलं तर तो एप्रिलचा आजार. त्याकडे येतेच.

सगळ्या लिंका एकत्र बघायच्या तर 'डेटा' टॅबवर 'एडिट लिंक्स'. नव्या एक्सेलमध्ये त्याचं नाव 'वर्कबुक लिंक्स' झालंय आणि उजवीकडे पट्टी उघडते. जुन्यात 'चेक स्टेटस' दाबलं की प्रत्येक फाइलसमोर ती सापडली की नाही ते येतं. इथे एकाच नावाची फाइल दोनदा दिसली तर थांबा. एक नोंद सर्व्हरवरच्या 'दर'ची असते, एक कुणाच्या तरी डी ड्राइव्हवरच्या. अर्धे भाव इकडून येतायत, अर्धे तिकडून, आणि दोन्ही फाइली सापडत असल्यामुळे कुठेही एरर नाही.

आता एप्रिल. नव्या वर्षाचं फोल्डर करताना बहुतेक जण जुनं 'कोटेशन' उघडतात आणि 'सेव्ह अ‍ॅज' करून नव्या फोल्डरात टाकतात. नवीन फाइल तयार होते, पण तिची लिंक जुन्या फोल्डरातल्या 'दर'लाच चिकटलेली राहते. परचेसवाला इमानदारीने नव्या 'दर'मध्ये भाव भरतोय आणि कोटेशन मार्चचेच भाव दाखवतंय. जूनमध्ये कुणीतरी जागा लागते म्हणून जुनं फोल्डर हलवतं, तेव्हा कुठे बोंब होते. एक्सेल बंद ठेवून फाइल एक्सप्लोररमधून अख्खं फोल्डर कॉपी केलं असतं तर हे झालं नसतं, कारण दोन्ही फाइली एकाच फोल्डरात असतील तर एक्सेल मूळ फाइल आपल्या शेजारीच शोधतं आणि जोडी एकत्र हलली तर लिंकही बरोबर येते.

झालं ते झालं, दुरुस्ती अशी: 'एडिट लिंक्स'मध्ये ती नोंद निवडा, 'चेंज सोर्स' दाबा, नवीन 'दर' फाइल दाखवा. तेवढ्यावर त्या फाइलकडे जाणारे सगळे फॉर्म्युले एकदम वळतात. नव्या फाइलमध्ये त्या नावाचं शीट नसेल तर कोणतं शीट घ्यायचं ते एक्सेल विचारेल. तिथे घाईत पहिलंच निवडू नका. काही जण 'चेंज सोर्स'ऐवजी कंट्रोल-एच करून वर्षाचा आकडा बदलतात. चालतं, पण नव्या पत्त्यावर फाइल नसेल तर प्रत्येक खान्यासाठी एक खिडकी उघडते आणि तुम्ही एस्केप दाबत बसता.

त्याच पट्टीत शेजारी 'ब्रेक लिंक' असतं. नाव ऐकून तुटलेली लिंक काढायचं बटण वाटतं. ते फॉर्म्युला पुसतं आणि त्या क्षणी दिसणारा आकडा तिथे कायमचा बसवतं. कंट्रोल-झेडने परत येत नाही. कॉपी का काढायला सांगितली ते इथे कळेल.

एररवरूनही ओळखता येतं. 'सेव्ह'पर्यंत सगळं ठीक, मूळ फाइल बंद करून पुन्हा उघडलं की '#व्हॅल्यू!', असं असेल तर फॉर्म्युल्यात 'समइफ', 'समइफ्स' किंवा 'काउंटइफ' आहे का बघा. ही फंक्शन्स बंद फाइलमधून वाचू शकत नाहीत. 'इनडायरेक्ट'चंही तेच, ते '#रेफ!' देतं. ज्याने शीट बनवलं तो माणूस दिवसभर सगळ्या फाइली उघड्या ठेवून बसतो, म्हणून त्याच्याकडे चालतं आणि मालकांच्या लॅपटॉपवर चालत नाही, मग दोघांची जुंपते. यात 'चेंज सोर्स'चा काही उपयोग नाही. मूळ फाइलमध्येच बेरीज करून घ्या आणि लिंक फक्त त्या एका बेरजेला द्या. नाहीतर 'सम्प्रॉडक्ट' वापरा. ते बंद फाइल वाचतं. 'व्हीलूकअप', 'इंडेक्स' आणि 'मॅच' हेही वाचतात.

इथपर्यंतचं सगळं सोपं. माझी खरी धास्ती वेगळीच आहे: लिंक शाबूत, पत्ता बरोबर, एरर नाही, आणि आकडा चूक.

समजा 'दर'मध्ये सी ३ मध्ये सीआरसीए, सी ४ मध्ये पिग आयर्न ४२ रुपये, सी ५ मध्ये फेरोसिलिकॉन ११० रुपये किलो. परचेसवाल्याने एमएस बोअरिंग (माइल्ड स्टीलचा कीस) घ्यायला सुरुवात केली आणि सीआरसीएच्या खाली एक ओळ घालून ३० रुपये भाव टाकला. पिग आयर्न सरकून सी ५ वर गेलं, फेरोसिलिकॉन सी ६ वर. त्या वेळी कोटेशनची फाइल त्याच पीसीवर उघडी असती तर एक्सेलने तिचे फॉर्म्युले आपोआप सरकवले असते. पण ती बंद होती. तिला फक्त सी ४ आणि सी ५ माहीत. उद्या ती उघडेल तेव्हा पिग आयर्न म्हणून बोअरिंगचे ३० उचलेल आणि फेरोसिलिकॉन म्हणून पिग आयर्नचे ४२. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, पिग आयर्न २० टक्के आणि फेरोसिलिकॉन दीड टक्का धरलं तर किलोमागे २.४० आणि १.०२, म्हणजे ३.४२ रुपये गायब. ४.२ किलोच्या ब्रॅकेटला १४ रुपयांच्या वर. दोन हजार नगांची ऑर्डर आली तर साडेअठ्ठावीस हजारांच्या पुढे, आणि कोटेशन तर गिऱ्हाइकाकडे पोचलेलं.

हे पकडायचं कसं? दोन्ही फाइली उघडून कोटेशनमधल्या खान्यावर जा, कंट्रोल आणि डावा चौकटी कंस एकत्र दाबा. एक्सेल तुम्हाला मूळ खान्यावर नेऊन सोडतं. तिथे शेजारच्या रकान्यात 'पिग आयर्न' लिहिलंय की दुसरं काही, ते डोळ्यांनी बघा. मोठ्या शीटसाठी मी दोन लिंका देते, एक भावाची आणि एक नावाची. कोटेशनमध्ये भावाच्या बाजूला मालाचं नावही 'दर'मधूनच येतं. नाव बदललं की कुणाच्याही लक्षात येतं.

कायमचा इलाज म्हणजे खान्याच्या नंबरावर विसंबायचंच नाही. 'दर'मध्ये पिग आयर्नचा खाना निवडून फॉर्म्युला पट्टीच्या डावीकडच्या चौकटीत त्याला इंग्रजीत नाव द्या, मध्ये जागा न सोडता. लिंक त्या नावाला द्या. ओळी वर-खाली झाल्या तरी नाव खान्याबरोबर जातं. किंवा 'व्हीलूकअप'ने मालाच्या नावावरून भाव शोधा, फक्त शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. नाहीतर ते जवळपासचं काहीतरी उचलून आणेल.

आणखी एक सापळा बॅकअपचा. 'दर' आणि 'कोटेशन' दोन्ही उघड्या असताना कुणी 'दर' फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून पेनड्राइव्हवर टाकली, की एक्सेलला वाटतं फाइलने घर बदललं. कोटेशनची लिंक पेनड्राइव्हकडे वळते, आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह खिशात घालून तो माणूस घरी जातो. बॅकअप नेहमी एक्सेल बंद करून, एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट करून घ्या.

कधी कधी सगळ्या लिंका नीट करूनही उघडताना तोच प्रश्न येतो. म्हणजे लिंक खान्यात नाही, कुठेतरी लपलीय. कंट्रोल-एफ करून '.एक्सएल' शोधा (फाइलच्या शेपटीची अक्षरं टाइप करायची ती अर्थात इंग्रजीत), 'विदिन'मध्ये वर्कबुक आणि 'लुक इन'मध्ये फॉर्म्युलाज ठेवून 'फाइंड ऑल'. नुसता चौकटी कंस शोधलात तर टेबलांचे फॉर्म्युलेही येतात आणि यादी लांबते. तिथे काही नसेल तर कंट्रोल-एफ३ने नेम मॅनेजर उघडा. जुन्या फाइलमधून शीट उचलून आणलं की तिच्याबरोबर मेलेली नावंही येतात. नंतर डेटा व्हॅलिडेशनच्या ड्रॉपडाउन याद्या, कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम, चार्टची मालिका आणि शीर्षक, पिव्हटचा सोर्स, मॅक्रो जोडलेली बटणं. लपवलेली शीट्स उघडून बघा. 'ब्रेक लिंक' दाबूनही नोंद हलत नसेल तर माझा पहिला संशय व्हॅलिडेशनवर असतो.

नेटवर्कच्या बाबतीत एवढंच: सर्व्हरचं फोल्डर सगळ्या पीसीवर एकाच अक्षराने जोडा. एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असेल तर भांडण अटळ आहे. आणि फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा 'फायनल', 'फायनल नवीन' असं करत जाऊ नका. पूर्ण पत्ता फाइलच्या नावासकट २१८ अक्षरांच्या वर गेला की एक्सेल हात वर करतं. गुगल शीट्सवर चढवायचा विचार असेल तर या लिंका तिथे चालत नाहीत. 'इम्पोर्टरेंज'ने नव्याने जोडाव्या लागतात आणि पहिल्यांदा 'अलाउ अ‍ॅक्सेस' द्यावा लागतो. तो दिला नाही तर तिथेही '#रेफ!'च.

शेवटी 'जुने आकडे' शीट उघडा. तिसऱ्या कोऱ्या शीटवर नवा वजा जुना असा फॉर्म्युला सगळीकडे ओढा. जिथे शून्य नाही त्या प्रत्येक खान्याचं कारण सांगता आलं पाहिजे: भाव खरंच बदलला की लिंक घसरली. मगच कॉपीला, जिची कॉपी काढली त्या फाइलच्या जागी बसवा.

आणि कोटेशन गिऱ्हाइकाला पाठवायचं ते पीडीएफ करूनच. मघाशी म्हटलं तसं एक्सेल बाहेरचे आकडे फाइलच्या पोटात ठेवतं. 'दर' फाइल तुम्ही पाठवली नसली तरी पिग आयर्न तुम्हाला कितीला पडतं, ते समोरच्या परचेस मॅनेजरला काढता येतं.