हौशी हातांनी शर्यतीची डिंगी बांधताना

शर्यतीची शिडाची डिंगी, म्हणजे छोटी होडी, स्वतः आखून बांधायची असेल, तर ती कोणत्या वर्गात उतरवायची हे आधी ठरवावे. कारण अनेक वर्गांत सगळ्या होड्या एकाच आराखड्याच्या असाव्या लागतात आणि तिथे आखणीला वावच उरत नाही. आंतरराष्ट्रीय मॉथसारख्या मुक्त वर्गात मात्र कमाल लांबी ३.३५५ मीटर आणि कमाल रुंदी २.२५ मीटर यांसारख्या मोजक्या अटी पाळल्या, की हलचा, म्हणजे होडीच्या मुख्य अंगाचा, आकार बराचसा तुमच्या मर्जीचा. (आजच्या मॉथ पाण्याखालच्या पंखांवर उडतात, पहिल्याच होडीला तो नाद लावू नये.)

मग वजनाचा हिशेब मांडावा. हल, डोलकाठी, शीड आणि खलाशी मिळून १२० किलो भरत असतील, तर गोड्या पाण्यात होडीला १२० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हलच्या बुडत्या भागाचे घनफळ तेवढे नसेल, तर होडी खोल बसते, मागची फळी पाणी ओढू लागते आणि मंद वाऱ्यात वेग मरतो.

बांधणीसाठी ४ मिलिमीटर मरीन प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांधे इपॉक्सीने (सुकून घट्ट होणाऱ्या राळेने) भरण्याची पद्धत नवख्याला सर्वांत सोयीची. १९६२ मध्ये आलेल्या मिरर डिंगीने ती लोकप्रिय केली. तारा आवळल्यावर हलवर पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत, तर हलला पीळ आहे, आणि तो आत्ताच काढायला हवा, कारण इपॉक्सी एकदा घट्ट झाले की पीळही कायमचा झाला. सांध्यात भरायचे मिश्रण चमचा उलटा केला तरी ओघळणार नाही इतके दाट असावे. ते सढळ हाताने थापण्याचा मोह आवरावा. हौशी होड्या जड होतात त्या बहुधा इथेच.

माझ्या मते हलला आरशासारखी झिलई देण्यात जाणारे दिवस डॅगरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवायची फळी) आणि सुकाणूला द्यावेत. नाका ००१२ (NACA 0012) हा विमानाच्या पंखासारखा प्रमाणित छेद घेतल्यास २५ सेंटिमीटर रुंदीच्या बोर्डाची जाडी ३० मिलिमीटर येते आणि ती पुढच्या कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर सर्वाधिक असते. प्लायवुडचा साचा कापून तो दर थोड्या तासणीनंतर लावून पाहावा. पुढची कड गोलसर आणि मागची बारीक ठेवावी.

शिडाचा जोर बोर्डाच्या फार मागे पडला, तर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते आणि सुकाणू ओढून धरावे लागते. म्हणून डोलकाठीचा पाया पुढेमागे सरकवता येईल असा बोल्टने बसवावा आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत होडी चालवून पाहिल्याशिवाय तो चिकटवू नये.