प्लास्टर झालं तरी पोर रडतंय? या चुका टाळा

हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बावीस वर्षं झाली. मुलांची हाडं बहुतेक वेळा छान जुळतात. दुखण्याच्या बाबतीत मात्र त्याच त्या चुका सांगून सांगून आता तोंड दुखायला लागलंय.

पहिली चूक घरातच होते. "औषध दिलं तर डॉक्टरांना कुठे दुखतंय ते कळणार नाही." अहो, एक्स-रे आहे की! पॅरासिटामॉलने मोडलेलं हाड लपत नाही. डोस द्या आणि किती वाजता दिला ते आम्हाला सांगा. दवाखान्यात पोचेपर्यंत मोडलेला हात हलू देऊ नका. वर्तमानपत्राची जाड घडी खाली धरायची, वरून ओढणीने सैल बांधायचं. निम्मं दुखणं तिथेच कमी होतं. आणि वाटेत बिस्किट, दूध नको. भूल द्यावी लागली तर त्या दुधापायी सहा तास थांबावं लागतं, आणि तोवर पोर कण्हत पडतं.

आता चमचा. "सिरप दिलं, एक चमचा." कुठलं सिरप? एका बाटलीत 5 मिलीत 120 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, दुसरीत 250. थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100. डोस वजनावर ठरतो, किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. म्हणजे 16 किलोच्या मुलाला एका बाटलीतून 10 मिली लागतं, दुसरीतून 5 मिलीही पुरतं. शेजारणीच्या मुलाला लागू पडलेला चमचा आपल्याला काय कामाचा? शिवाय आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या दुसऱ्या औषधाच्या बऱ्याच बाटल्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, आणि त्यावर घरातलं पुन्हा पाजतात. मी प्रत्येक आईला बाटलीवर मार्करने मिली लिहून देते आणि सुईशिवायची सिरिंज हातात ठेवते. पहिले दोन दिवस घड्याळ लावून, ठरल्या वेळेला द्यायचं, रात्रीसुद्धा. दुखणं चढल्यावर मागे धावण्यात अर्थ नाही.

पण ठरल्याप्रमाणे औषध देऊनही दुखणं वाढतच असेल, तर बाटलीकडे नका बघू, बोटांकडे बघा.

सात वर्षांचा एक मुलगा आठवतो. पेरूच्या झाडावरून पडला, कोपराच्या जरा वर हाड मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कांबी लावून पट्टी कचकचून आवळली. रात्रभर ओरडत होता. काका म्हणाले, "घट्ट आहे म्हणजे हाड नीट बसणार." आईने तीनदा सिरप पाजलं. पहाटे तो गप्प झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी आणला तेव्हा बोटं पांढरीफटक, गार. त्याला स्पर्शही कळत नव्हता. पट्टी कापली, ऑपरेशन झालं, पण हाताचे स्नायू मेले होते. त्याची बोटं आकड्यासारखी वळली ती वळलीच.

हाडवैद्याला शिव्या देऊन मी मोकळी होत नाही. आमच्या प्लास्टरखालीही हे होऊ शकतं, कारण सूज दोन दिवस वाढते. म्हणून तर आधी कच्चं प्लास्टर घालतो, म्हणजे अर्धंच, वरून पट्टी बांधलेलं. "पक्कंच घाला, परत यायला वेळ नाही" म्हणणाऱ्यांशी मी सरळ भांडते. घरी दर दोन-तीन तासांनी नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोट हळूच सरळ करताना पोर किंचाळलं, बोटं गार पडली, मुंग्या आल्या किंवा कशानेच शांत होईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. "सकाळी बघू" नाही.

बाकीचं पटापट. तेल चोळू नका, मोडलेल्या हाडाला मालिश कसली? ॲस्पिरिन मुलांना नाही. मेडिकलवाल्याने दुखण्यासाठी निमेसुलाइड दिलं तर परत करा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते आपल्याकडे 2011 पासून बंद आहे. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. "मुलगा आहेस, रडतोस काय" हे तर बोलूच नका. पोर लाजून गप्प बसलं तर आम्हाला कळायचं कसं?

आणि खाज सुटली की प्लास्टरमध्ये काही खुपसू नका. ड्रायरची थंड हवा सोडा. एका मुलीचं प्लास्टर कापलं तर आतून क्रोशाची सुई निघाली. आजी तीन आठवडे ती कामवालीकडे मागत होती.