सोव्हिएत छळाची फाइल कशी वाचावी

एनकेव्हीडीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, फाइलीत 'धर्मासाठी शिक्षा' असे शब्द शोधू नयेत. ते सापडणार नाहीत. १९३६ च्या राज्यघटनेचे १२४ वे कलम उपासनेचे स्वातंत्र्य देत होते. त्यामुळे पाद्री असो, मुल्ला असो की लामा, प्रत्येक जण कागदोपत्री 'प्रतिक्रांतिकारक' म्हणूनच मेला. आरोप बहुधा रशियन दंडसंहितेच्या कलम ५८, पोटकलम १० चा असे, म्हणजे सोव्हिएतविरोधी प्रचाराचा. सोबत पोटकलम ११, म्हणजे संघटना उभारणे. युक्रेनच्या फाइलीत ५८ ऐवजी ५४ दिसेल. तो वेगळा गुन्हा नाही, तिथल्या दंडसंहितेतला क्रमांक वेगळा, एवढेच.

धर्माचा संबंध सिद्ध करायचा तर तो मूळ आदेशातून करावा. एनकेव्हीडीचा प्रमुख येझोव्ह याच्या सहीचा आदेश क्रमांक ००४४७, तारीख ३० जुलै १९३७. कोणाला पकडायचे याच्या यादीत 'चर्चवाले' आणि 'पंथवाले' यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिली श्रेणी म्हणजे गोळी, दुसरी म्हणजे आठ ते दहा वर्षे छावणी. सुरुवातीचा कोटा पहिल्या श्रेणीत ७५,९५० आणि दुसऱ्या श्रेणीत १,९३,००० माणसांचा होता. कोटा आधी ठरला आणि माणसे नंतर शोधली गेली, हे लक्षात ठेवूनच पुढचे प्रत्येक पान वाचावे.

शोध नावापासून सुरू होतो आणि पहिली ठेच तिथेच लागते. रोमन लिपीत शोधू नका. पडद्यावरचा रशियन कळफलक घेऊन आडनाव, नाव, पितृनाव या क्रमाने टाइप करा. रशियन छपाईत 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके बऱ्याचदा गाळलेले असतात, म्हणून फ्योदर हे नाव ठिपक्यांसह आणि ठिपक्यांविना असे दोनदा शोधावे. संन्यास घेतलेल्यांची दोन नावे असतात आणि पोलिस फाइल उघडतात ती घरच्या नावाने. मेट्रोपॉलिटन, म्हणजे वरिष्ठ बिशप, सेराफिम चिचागोव्ह यांची फाइल 'सेराफिम' म्हणून शोधाल तर हात हलवत परत याल; ती लिओनिद मिखाइलोविच चिचागोव्ह या नावाने आहे. मॉस्कोच्या संत तिखोन ऑर्थोडॉक्स विद्यापीठाच्या सूचीत दोन्ही नावे मिळतात, म्हणून चर्चच्या माणसांसाठी ती आधी पाहावी. सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेची यादी सर्व प्रकारच्या बळींची आहे आणि तीत ३० लाखांहून अधिक नावे आहेत. ती संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद करण्यात आली, तेव्हा सापडलेल्या नोंदीची प्रत त्याच दिवशी उतरवून ठेवलेली बरी.

आता तारखा. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी होता. त्याआधीची तारीख एकोणिसाव्या शतकातली असेल तर १२ दिवस मिळवावेत, मार्च १९०० नंतरची असेल तर १३. चिचागोव्ह यांचा जन्म जुन्या पंचांगाने ९ जानेवारी १८५६, म्हणजे आजच्या हिशोबाने २१ जानेवारी. अटकेनंतरच्या तारखांना हा हिशोब लावू नये. उत्साहाच्या भरात बरेच जण लावतात.

फाइलीचा क्रम साधारण ठरलेला असतो: अटकेचा हुकूम, झडतीचा पंचनामा, 'आन्केता' म्हणजे कैद्याचे माहितीपत्रक, जबाब, साक्षी, आरोपपत्र, त्रोइकाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर शिक्षा ठरवणाऱ्या तिघांच्या मंडळाच्या, निकालाचा उतारा. शेवटी १९५० च्या दशकातली किंवा १९८९ च्या आसपासची पुनर्वसनाची, म्हणजे निर्दोष ठरवल्याची, कागदपत्रे. वाचताना मात्र हा क्रम मोडावा आणि आन्केता आधी घ्यावी. जन्म, पत्ता, कुटुंबातली माणसे, आधीच्या शिक्षा हे तपशील कैद्याने स्वतः सांगितलेले असतात आणि ते बहुतांशी खरे निघतात. धंद्याच्या रकान्यात 'स्लुझितेल कुल्ता', शब्दशः 'पंथाचा सेवक', असे असेल तर तो धर्मोपदेशक. 'ठरावीक धंदा नाही' असे लिहिलेला माणूस मात्र सोडून देऊ नका. चर्चला कुलूप लागल्यावर कित्येक पाद्री या रकान्यात आले.

त्यानंतर झडतीचा पंचनामा. क्रूस, धर्मग्रंथ, पत्रे, हस्तलिखिते यांची ती यादी म्हणजे आरोपपत्रात लपवलेली गोष्ट. जबाबांवर मात्र सर्वांत कमी विश्वास ठेवावा. १९३७ चे कबुलीजबाब छापील साच्यासारखे आहेत. प्रश्न आणि उत्तर दोन्हींची भाषा तपास अधिकाऱ्याची. खेड्यातली साठीची जोगीण 'फॅसिस्ट प्रतिक्रांतिकारी संघटना' असे शब्द आपणहून बोलत नाही. एकाच गावच्या चार-पाच फाइली शेजारी ठेवून साक्षीदारांची नावे जुळवली, तर तीच दोन-तीन माणसे सगळ्यांविरुद्ध साक्ष देताना दिसतील.

निकालाच्या उताऱ्यात तीन रशियन अक्षरे दिसतात, जी आपल्याला इंग्रजी बी, एम, एचसारखी वाटतात. त्यांचा अर्थ 'सर्वोच्च शिक्षा', म्हणजे गोळी. निकालाची तारीख आणि मृत्यूची तारीख एक धरू नये. चिचागोव्ह यांना ३० नोव्हेंबर १९३७ ला अटक, ७ डिसेंबरला निकाल, ११ डिसेंबरला मॉस्कोजवळच्या बुतोवोच्या मैदानावर गोळी. वय ८१. ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात तिथे मारलेल्यांची संख्या २०,७०० हून अधिक आहे.

घरच्यांकडे मृत्यूचा दाखला आहे म्हणून काम संपले असे समजू नये. आप्तांना आधी सांगितले जाई, 'दहा वर्षे, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.' मग १९५५ पासून केजीबीच्या सूचनेवरून खोट्या तारखांचे आणि खोट्या आजारांचे दाखले दिले गेले. पावेल फ्लोरेन्स्की हे पाद्री आणि गणितज्ञ. त्यांच्या कुटुंबाला मिळालेल्या दाखल्यावर मृत्यू १५ डिसेंबर १९४३ होता, प्रत्यक्षात त्यांना ८ डिसेंबर १९३७ ला गोळी घातली होती. १९४२ ते ४४ मधला मृत्यू आणि कारण 'हृदयविकार' किंवा 'न्यूमोनिया' असे दिसले की संशय घ्यावा. अंमलबजावणीचा कागद सापडेपर्यंत दाखल्यावरची तारीख कोठेही ठाम म्हणून लिहू नये.

गोळी घातलेल्यांच्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस वाचला, असेही नाही. लेनिनग्राडचे बौद्ध मंदिर उभारणारे आग्वान दोर्झिएव्ह नोव्हेंबर १९३७ मध्ये पकडले गेले आणि निकाल लागण्याआधीच जानेवारी १९३८ मध्ये उलान-उदेच्या तुरुंग-इस्पितळात वारले. अशांसाठी 'मृत्यूमुळे प्रकरण बंद' असा शेरा शोधावा. (आपले धर्मानंद कोसंबी १९२९ साली बौद्ध विद्येच्या कामासाठी गेले ते याच लेनिनग्राडला. आठ वर्षांत ते जग पुसले गेले.)

माणसाची फाइल आणि चर्चची फाइल वेगवेगळ्या जागी असतात. बुतोवोच्या बऱ्याच फाइली मॉस्कोतील रशियन संघराज्याच्या राज्य अभिलेखागारात, संग्रह १००३५ मध्ये आहेत. प्रार्थनास्थळे बंद केल्याचे अर्ज आणि तक्रारी त्याच अभिलेखागारात संग्रह ५२६३ मध्ये, तर १९४३ नंतरचे कागद संग्रह ६९९१ मध्ये. ८ एप्रिल १९२९ च्या कायद्याने नोंदणीकृत धार्मिक संस्थेला किमान वीस सभासद लागत. त्या वीस जणांच्या यादीतली नावे अटक-फाइलींशी ताडून पाहावीत. सर्वसामान्य भाविक तिथेच हाती लागतात.

फाइल तयार झाल्यापासून ७५ वर्षे उलटली की नातेवाईक नसलेल्यालाही ती मागता येते, पण पुनर्वसन नाकारलेल्यांची सहसा देत नाहीत. खबऱ्यांची पाने लिफाफ्यात बंद करून मिळाली तर पानांचे क्रमांक मोजून कोणती गाळली ते टिपून ठेवावे. संदर्भ लिहिताना संग्रह, सूची, फाइल, पान हे चारही आकडे हवेत. पानाची मागची बाजू असेल तर तसेही नोंदवावे, कारण सही आणि शिक्का पुष्कळदा मागेच असतो.