कॅल्शियमचं सॅम्पल घेताना

रक्ताच्या कलेक्शनला नव्याने बसलेली डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याची) पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, "ताई, कॅल्शियमला फास्टिंग लागतं का?" लागतंच असं नाही, सकाळी उपाशीपोटी घेतलेलं बरं, एवढंच. त्यापेक्षा गोळ्या विचारा. कॅल्शियम, डी-३ चे सॅशे, लिथियम, बीपीची थायाझाइड गटातली गोळी, जे चालू असेल ते फॉर्मवर लिहा. बंद करायला मात्र सांगू नका, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

खरी गोची दंडाला बांधायच्या पट्ट्यात असते. शीर सापडेना की पट्टा तसाच आवळून आपण टिचक्या मारत बसतो, वर "मूठ उघडा-मिटा" चालूच. मिनिटाच्या वर गेलं की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रथिनं दाट होतात. रक्तातलं जवळपास 40 टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, म्हणून आकडाही फुगतो. मग धडधाकट माणूस पीटीएचच्या (कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनच्या) महागड्या टेस्टच्या मागे लागतो. तेव्हा शीर शोधून झाली की पट्टा सोडा. स्पिरिट वाळू द्या. पुन्हा बांधा, सुई टोचा आणि बल्बात, म्हणजे रक्ताच्या नळीत, रक्त आलं की लगेच ढिला करा. मूठ नुसती मिटलेली पुरते.

आधी कॅल्शियमचा लाल किंवा पिवळा बल्ब, सीबीसीचा जांभळा त्यानंतर. जांभळ्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते असतं पोटॅशियमच्या क्षाराचं. लाल बल्बात रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्यातलं ओतलं, तर कॅल्शियम तळाला आणि पोटॅशियम गगनाला! ही जोडी दिसली की मशीनवर खापर फोडू नका, सॅम्पल परत घ्या. लाल बल्ब अर्धा तास उभा ठेवून रक्त नीट गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूजला लावा.

टेस्ट आयनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेल्या मोकळ्या कॅल्शियमची असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची सिरिंज, हवेचा बुडबुडा नको, बूच उघडायचं नाही. कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच वाढतो आणि आकडा खोटाच कमी येतो.

रिपोर्टवर एकूण कॅल्शियमची रेंज साधारण 8.5 ते 10.5 mg/dL असते. 7.8 आलं तर आधी अल्ब्युमिन बघा. ते 2.5 g/dL असेल तर 4 मधून वजा करून उरले 1.5, त्याला 0.8 ने गुणलं की 1.2, ते मिळवून झालं 9.0. आयसीयूतल्या पेशंटला हे गणित लावू नका, तिथे आयनाइज्डच.

"गुडघे दुखतात, कॅल्शियम करा" म्हणत येणाऱ्या मावशींना एवढं जरूर सांगा की 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. हाडं ठिसूळ झाली तरी रक्तातला आकडा नॉर्मल येऊ शकतो. त्यासाठी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन असतो.

आमच्याकडे 6.5 च्या खाली किंवा 13 च्या वर आलं, की सॅम्पल पुन्हा लावून तडक डॉक्टरांना फोन. छापील रिपोर्ट नंतर.