हाउसिंग बेनिफिट जास्त दिलं म्हणून कौन्सिल पैसे परत मागतेय? हप्ते बांधण्याआधी हे करा

ब्रिटनमधल्या कौन्सिलचं (म्हणजे तिथल्या पालिकेचं) "तुम्हाला हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्याची सरकारी मदत, जास्त दिलं गेलं, ते परत करा" असं पत्र आलं की आपल्या लोकांत सल्ला ठरलेला: "सरकारी पैसा आहे, द्यावाच लागतो. हप्ते बांधून घ्या, कटकट मिटवा." असं सांगणाऱ्यांनी नियम उघडून पाहिलेला नसतो. चूक कौन्सिलची असेल आणि पैसे जास्त येताहेत हे तुम्हाला कळण्यासारखं नसेल, तर ती रक्कम वसूल करताच येत नाही. इथे दयामायेचा प्रश्न नाही. नियमच तसा आहे.

आधी पत्र नक्की कशाचं आहे ते बघा. मी सांगतेय ते फक्त हाउसिंग बेनिफिटचं. ते आता मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांना आणि सपोर्टेड (देखभालीची मदत असलेल्या) किंवा तात्पुरत्या घरात राहणाऱ्यांना मिळतं. युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कामाच्या वयाच्या लोकांच्या एकत्रित सरकारी मदतीला, हे संरक्षण नाही. तिथे चूक सरकारी खात्याची असली तरी वसुली होते, फार तर माफीची विनंती करता येते. कौन्सिल टॅक्समधल्या (घरपट्टीसारख्या करातल्या) सवलतीचा वादही वेगळा, इंग्लंडमध्ये तो व्हॅल्युएशन ट्रायब्युनल या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जातो. दोन्हींची पत्रं बरेचदा एकदमच येतात आणि लोक एकाच अर्जात सगळं कोंबतात. तसं करू नका.

वसुली मान्य नसेल तर त्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं. त्याची मुदत निर्णयाच्या पत्रापासून 1 महिना. हिशोब कळत नसेल तर त्याच महिन्यात 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' (निर्णयाच्या कारणांचं पत्र) लेखी मागा. ते हातात येईपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन 13 महिन्यांच्या आत अपील करता येतं, पण त्या भरवशावर राहू नका.

त्याच दिवशी आपल्या फाइलची प्रत मागा: ईमेल, फॉर्म, फोनच्या नोंदी, असलं तर रेकॉर्डिंग. डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली ती फुकट मिळते. फक्त तिची वाट बघत अपील अडवून ठेवू नका.

आता खरं घोडं कुठे पेंड खातं ते. "चूक कौन्सिलची आहे" एवढं सिद्ध केलं की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. सुरुवातीला मीही अपिलात याच मुद्द्यावर पानंच्या पानं लिहायचे आणि पुढच्या मुद्द्यावर अडायचे. नियमात दोन अटी आहेत (कामाच्या वयाच्या लोकांसाठी 2006 च्या नियमांतला 100वा, पेन्शनच्या वयाच्यांसाठी त्याच वर्षीच्या वेगळ्या नियमांतला 81वा) आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली: चूक अधिकाऱ्यांची हवी, आणि तिला तुमचा हातभार लागलेला नको. कळवलेला बदल कौन्सिलने महिनोन्महिने नोंदवलाच नाही, तर तीही अधिकाऱ्यांचीच चूक. पण तुम्ही कळवलंच नसेल तर विषय तिथेच संपला. दुसरी: पैसे किंवा त्यासंबंधीचं पत्र हातात आलं त्या वेळी, हे जास्तीचे आहेत असं तुमच्या लक्षात येणं वाजवीपणे अपेक्षित नको. कौन्सिल बहुतेक वेळा याच दुसऱ्या अटीवर अडवते.

आमच्या ओळखीतल्या एका आजींकडे मुलगा परत राहायला आला. कमावता मुलगा घरात राहत असला तर बेनिफिटमधून कपात होऊ शकते. आजींनी तो आला त्याच आठवड्यात ईमेल केला. कौन्सिलने तो वर्षभर बाजूला ठेवला आणि मग एकदम वसुली काढली. वर म्हणणं असं की दरवर्षीच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर 'नॉन-डिपेन्डन्ट डिडक्शन : 0.00' (म्हणजे घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसापायी होणारी कपात शून्य) अशी ओळ होती, ती वाचून आजींना कळायला हवं होतं. यावर "मला इंग्रजी येत नाही" हे उत्तर लंगडं पडतं. कौन्सिल म्हणते, वाचून घ्यायचं होतं कोणाकडून तरी. चाललं ते हे: आजींनी बदल कळवला होता, नंतर फोन करून विचारलं होतं, "तुमची माहिती अपडेट आहे" असं उत्तर मिळालं होतं, आणि त्यानंतरच्या पत्रातली रक्कम आधीपेक्षा बदललेली होती. बदल जमेस धरूनच नवी रक्कम आली, असं कोणालाही वाटलं असतं. फोनची नोंद फाइलच्या प्रतीत सापडली.

तेव्हा तुमचं अपील असं लिहा: कोणत्या तारखेला काय कळवलं, त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात कोणता आकडा होता, आणि तो पाहून तुम्हाला चूक कळणं का शक्य नव्हतं. तुमचं वय, आजारपण, शिक्षण हे सगळं इथे सांगा, कारण प्रश्न तुम्हाला काय कळू शकलं असतं हा आहे, एखाद्या बेनिफिट अधिकाऱ्याला नव्हे. आणि मधल्या एखाद्या तारखेपासून शंका आली असेल तर ते लपवू नका. त्या तारखेआधीची रक्कम वेगळी काढून तेवढीच नाकारा. काळ असा तोडता येतो आणि खरं बोलणाऱ्यावर विश्वास बसतो. एक मात्र अजिबात लिहू नका: "माझ्याकडे पैसे नाहीत, पोटाला चिमटा काढतोय." खरं असलं तरी रक्कम वसूलपात्र आहे की नाही, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. तो अर्धा कागद वाया जातो.

रक्कमही तपासा. त्या काळात खरी माहिती धरून तुम्हाला जेवढं बेनिफिट मिळालंच असतं, तेवढं वजा व्हायलाच हवं.

अपील कौन्सिलकडेच द्यायचं, ट्रायब्युनलला परस्पर पाठवायचं नाही. कौन्सिलने निर्णय बदलला नाही तर फाइल फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाते. फी नाही. निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा, असं त्याच पत्रात मागा. सुनावणीला स्वतः जा, कागदावर निकाल मागू नका. दुभाषा हवा असेल तर आधी कळवा. घरच्या कोणाला भाषांतराला बसवू नका. पत्र लिहायला मदत लागली तर सिटिझन्स ॲडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था किंवा जवळचं लॉ सेंटर (कायदेशीर मदतीचं केंद्र) गाठा.

हप्ते आधीच सुरू केले असतील तरी अपीलचा हक्क जात नाही, मुदत तेवढी चालू राहते. आणि अपील हरलात, तर वर वगळायला सांगितलेली तंगीची गोष्ट आता बाहेर काढा: महिन्याचा जमाखर्च जोडून हप्ता कमी करून मागा, किंवा उरलेलं सोडून द्यायची विनंती करा. कौन्सिलला तो अधिकार आहे.