वाळवंटातील व्यापारी वाट: ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये माली घेऊन युद्धाविना कसे जिंकावे

नागपुरात वाढलेल्या माणसाने व्यापार पाहिलेला असतो तो रस्त्यावरचा. इतवारीच्या बोळांत हातगाडीवरून उतरणारा माल आणि कळमन्यात ट्रकमधून येणारी संत्री त्याच्या ओळखीची असतात, परंतु बंदर, जहाज आणि भरती-ओहोटी त्याला पुस्तकातूनच कळलेली असतात. त्यामुळे ‘सिव्हिलायझेशन ६’ हा ऐतिहासिक डावपेचांचा खेळ हाती आला, तेव्हा पोर्तुगालसारख्या दर्यावर्दी सत्तेत माझे मन रमले नाही. ते रमले मालीत, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील वाळवंटाच्या काठावर उभ्या राहिलेल्या आणि सोने व मीठ यांच्या देवघेवीवर श्रीमंत झालेल्या राज्यात. या राज्याचा बादशहा मनसा मुसा १३२४ साली हजयात्रेला जाताना कैरोत थांबला आणि त्याने तेथे इतके सोने वाटले की त्या शहरातील सोन्याचा भाव पुढे कित्येक वर्षे उतरलेला राहिला, असे त्या काळच्या अरबी वृत्तांतांवरून कळते. खेळात मालीचे नेतृत्व याच मनसा मुसाकडे आहे. मूळ खेळ २०१६ साली आला असला तरी माली आणि राजनैतिक विजय, म्हणजे लढाईऐवजी मुत्सद्देगिरीने जिंकण्याचा मार्ग, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात मिळतात, म्हणून तो विस्तार जवळ असणे आवश्यक आहे. काठिण्यपातळी सुरुवातीला ‘प्रिन्स’ ही मधली ठेवावी.

मालीचा हिशेब आधी समजून घ्यावा

मालीची खाण एक उत्पादन कमी देते आणि चार सोने जास्त देते. इमारती व सैन्याच्या तुकड्या उभारण्याचे काम तीस टक्के मंद चालते. नवखा खेळाडू हे वाचून बिचकतो, परंतु खेळाचा सगळा रोख यातच आहे: माली गोष्टी बांधत बसत नाही, विकत घेते. शहराच्या केंद्राला लागून असलेल्या वाळवंटाच्या प्रत्येक षट्कोनी घरामागे एक अन्न आणि एक फेथ, म्हणजे श्रद्धेचा गुण, मिळतो. परदेशी पाठवलेल्या प्रत्येक व्यापारी मार्गावर, तो ज्या शहरातून निघतो त्या शहरातील सपाट वाळवंटाच्या घरांइतके सोने जास्त मिळते. इतर सत्तांचे खेळाडू ज्या जमिनीकडे पाठ फिरवतात, तीच आपली सुपीक जमीन ठरते. नवतप्याच्या दुपारी कूलरसमोर बसून हा खेळ खेळणाऱ्या नागपूरकराला उन्हातून कमाई करण्याची ही कल्पना मनापासून पटते, हे सांगायला हरकत नाही.

पहिली शहरे आणि पहिला धर्मविचार

राजधानी जेथे वाळवंटाची घरे केंद्राला चिकटून असतील आणि शक्यतो नदीही असेल, तेथे वसवावी. केंद्रातून येणाऱ्या फेथमुळे पँथिऑन, म्हणजे धर्म स्थापण्याआधीची एक श्रद्धा निवडण्याची संधी, इतरांच्या आधी हाती येते. त्या वेळी ‘डेझर्ट फोकलोर’ निवडावे, कारण त्याने होली साइटला, म्हणजे शहराच्या धार्मिक विभागाला, शेजारच्या प्रत्येक वाळवंटी घरामागे एक फेथ जास्त मिळतो. पहिल्या दोन शहरांत होली साइट लवकर बांधून घ्यावी. होली साइटसारखे डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचे विभाग, बांधताना तीस टक्क्यांची घट लागू होत नाही, ही बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. म्हणून डिस्ट्रिक्ट उत्पादनाने बांधावेत आणि त्यांतील इमारती पैशाने घ्याव्यात.

‘करन्सी’ हे तंत्र हाती येताच सुगुबा बांधावा. सुगुबा हा मालीचा खास बाजार-डिस्ट्रिक्ट असून तो ज्या शहरात असेल तेथे सोने किंवा फेथ देऊन केलेली खरेदी वीस टक्के स्वस्त पडते. नदीकाठी आणि होली साइटला लागून त्याला जादा सोने मिळते, तेव्हा होली साइट आणि सुगुबा यांच्या जागा सुरुवातीलाच शेजारी-शेजारी राखून ठेवाव्यात. नंतर जागा उरत नाही. सुगुबातील मार्केट, बँक यांसारख्या इमारती फेथनेही घेता येतात, त्यामुळे सोने इतर कामांसाठी मोकळे राहते.

शास्त्रीय किंवा मध्ययुगीन काळात सुवर्णयुग लागले, तर त्या वेळी निवडायच्या संकल्पांपैकी ‘मॉन्युमेंटॅलिटी’ घ्यावे. मग वसाहतकरी आणि बिल्डर फेथने, तेही सवलतीत मिळतात. शिवाय मालीला प्रत्येक सुवर्णयुगाच्या आरंभी एक जादा व्यापारी मार्ग मिळतो.

व्यापारी मार्गांची मांडणी

पहिला मार्ग ‘फॉरेन ट्रेड’ या सिव्हिकने, म्हणजे सांस्कृतिक प्रगतीच्या टप्प्याने, मिळतो. त्यानंतर मार्केट असलेल्या प्रत्येक शहरामागे एक मार्ग वाढतो. त्याच शहरात बंदर आणि लाइटहाउस बांधले तरी त्यासाठी दुसरा मार्ग मिळत नाही, तेव्हा एकेका शहरात दुप्पट खर्च करण्यापेक्षा नवे शहर वसवणे अधिक फायद्याचे ठरते.

येथे नवख्यांचा एक घोळ हमखास होतो. देशांतर्गत मार्गावरचे अन्न व उत्पादन ज्या शहरातून ट्रेडर, म्हणजे मार्गावर चालणारी व्यापारी तुकडी, निघतो त्या शहराला मिळते, ज्या शहराकडे तो जातो त्याला नव्हे. नव्या, अशक्त शहराला वाढवायचे असेल तर ट्रेडर त्या नव्या शहरातून राजधानीकडे पाठवावा. मी पहिले दोन डाव हे उलटे करत होतो आणि माझी नवी गावे का वाढत नाहीत, याचा विचार करत बसलो होतो. परदेशी मार्ग मात्र सर्वाधिक सपाट वाळवंट असलेल्या शहरातून, बहुतेक वेळा राजधानीतूनच, सोडावेत आणि ज्या परकी शहरात डिस्ट्रिक्ट जास्त असतील ते निवडावे. मार्ग पूर्ण झाला की तेथे ट्रेडिंग पोस्ट उभी राहते, त्यामुळे पुढचे ट्रेडर अधिक लांब जाऊ शकतात. ट्रेडर चालतो तेथे रस्ता तयार होतो, आणि हा रस्ता पुढे संकटकाळी सैन्य हलवण्यासाठी कामी येतो.

राज्यकारभारासाठी निवडायच्या धोरणपत्रांत आधी ‘कॅरवॅनसराय’ ठेवावे, कारण त्याने प्रत्येक मार्गावर दोन सोने वाढते. पुढे ‘ट्रायँग्युलर ट्रेड’ त्याची जागा घेते आणि चार सोन्यासोबत एक फेथही देते. रानटी टोळ्या ट्रेडर लुटतात, म्हणून मार्गाजवळचे त्यांचे तळ वेळीच मोडावेत. मध्ययुगात मिळणाऱ्या मंडेकालू घोडदळाच्या चार घरांच्या आतील जमिनीवरचा ट्रेडर लुटता येत नाही, तेव्हा अशी एकेक तुकडी मुख्य वाटेवर उभी करावी.

ग्रेट मर्चंट या थोर व्यापाऱ्यांपैकी मार्को पोलो आणि झांग चियान एकेक मार्ग वाढवतात, तर राजा तोडरमल देशांतर्गत मार्गांवर सोने आणतात. उत्तरार्धात जमशेटजी टाटाही येतात. त्यांचा गुण कॅम्पस या विद्येच्या डिस्ट्रिक्टमधून पर्यटन वाढवण्याचा असल्यामुळे राजनैतिक विजयासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. तरीही ज्या गृहस्थाने १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्याला परक्याच्या दरबारी पाठवणे मला जमत नाही.

शांतता विकत घ्यावी लागते

शांततेने खेळणे म्हणजे निःशस्त्र राहणे, असा समज करून घेऊ नये. माझ्या पहिल्या डावात तिजोरीत दोन हजारांहून अधिक सोने साठले होते आणि शेजारी आलाच तर तटबंदी विकत घेऊ, अशा भरवशावर मी निर्धास्त होतो. शेजारी आला, मी खरेदीची यादी उघडली, आणि तटबंदी सोन्याने घेताच येत नाही हे मला तेव्हा कळले. राजधानी काही टर्नमध्ये, म्हणजे खेळाच्या काही फेऱ्यांत, गेली आणि तिजोरीतील सोने तसेच पडून राहिले. तेव्हापासून ‘मेसनरी’ हे तंत्र आल्यावर सीमेवरच्या शहरांत तट आधी घालतो. मालीचे काम मंद असल्याने ‘लाइम्स’ हे धोरण लावावे, त्यामुळे तटबंदीचे उत्पादन दुप्पट वेगाने होते. ते काम झाल्यावर धोरण बदलून टाकावे.

सैन्य मात्र सोन्याने घेता येते आणि संगणकाच्या हातातील सत्ता आपले बळ पाहूनच धजावतात, म्हणून दुबळे दिसू नये एवढ्या तुकड्या कायम बाळगाव्यात. याहून चांगला उपाय नगरराज्यांचा, म्हणजे नकाशावरच्या एका शहराच्या छोट्या सत्तांचा, आहे. एखाद्या नगरराज्यात किमान तीन आणि इतर सर्वांपेक्षा जास्त एन्व्हॉय, म्हणजे आपले दूत, असले की आपण त्याचे अधिपती होतो आणि सोने मोजून त्याचे संपूर्ण सैन्य तीस टर्नसाठी आपल्या हुकमतीत घेऊ शकतो. ऐनवेळी उभी राहणारी ही फौज कित्येक स्वाऱ्या परतवून लावते.

मोठ्या शेजाऱ्यांच्या बाबतीत पहिल्या भेटीतच पंचवीस सोन्याचे शिष्टमंडळ पाठवावे. थोडी सलगी झाली की मैत्रीची घोषणा करावी. ती तीस टर्न टिकते आणि त्या काळात दोघांनाही एकमेकांवर युद्ध पुकारता येत नाही. ‘सिव्हिल सर्व्हिस’ हे सिव्हिक आल्यावर युती करता येते. घोषणेची मुदत संपते तो टर्न कागदावर लिहून ठेवावा, कारण खेळ आठवण करून देतोच असे नाही.

विजयाकडे

राजनैतिक विजयासाठी वीस गुण लागतात. मध्ययुगापासून दर तीस टर्नला वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे सगळ्या सत्तांची सभा, भरते. तेथे जो ठराव मंजूर होईल त्याच्याच बाजूने मत दिलेल्यास गुण मिळतो. मतांसाठी डिप्लोमॅटिक फेव्हर, म्हणजे राजनैतिक वजन, लागतो आणि तो युतींतून व अधिपत्याखालील नगरराज्यांतून येतो. पूर किंवा वादळानंतर एखादी सत्ता मदत मागते, तेव्हा सर्वाधिक सोने देणाऱ्याला विजयाचे गुण मिळतात. मालीसाठी याहून सोपी कमाई नाही, म्हणून अशा प्रसंगासाठी सोने राखून ठेवावे आणि शेवटच्या टर्नमध्ये इतरांचे आकडे पाहून भर घालावी. महाबोधी मंदिर, पोताला पॅलेस आणि स्टॅच्यू ऑफ लिबर्टी या वास्तूंतूनही गुण मिळतात.

गुण वाढू लागले की उत्तरार्धात एखाद्या सत्तेचे दोन गुण वाढवणारा किंवा कमी करणारा ठराव येतो आणि सगळे मिळून आपल्याविरुद्ध मत देतात. त्या वेळी फेव्हर उधळून विरोध करू नये. ठराव आपल्याविरुद्ध जाणार हे स्पष्ट असल्याने आपले मतही स्वतःच्याच विरुद्ध द्यावे: दोन गुण जातात, अचूक मताचा एक परत मिळतो, आणि वाचलेला फेव्हर त्याच बैठकीतील दुसऱ्या ठरावावर लावता येतो.